डिझेल मोटारीतील अंतःक्षेपण पंप

इंधन अंतःक्षेपण पंप हा डिझेल इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरला ठरावीक क्षणी, मोजून आणि उच्च दाबाने इंधन पुरवणारा भाग होय. गॅरेजच्या बोलीत त्याला नुसते 'डिझेल पंप' म्हणतात. इंधनविक्रीच्या पंपाशी त्याची गल्लत करू नये. संगणकीय नियंत्रण येण्यापूर्वीच्या मोटारींतील यांत्रिक पंप आणि तो बदलताना साधावी लागणारी वेळजुळणी (टायमिंग) हा या लेखाचा विषय आहे.

पेट्रोल इंजिनात ज्वलनाची वेळ ठिणगी ठरवते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबाने तापलेल्या हवेत इंधन केव्हा शिरते, यावरच ज्वलनाचा क्षण अवलंबून असतो. त्यामुळे पंप बदलणे हे नट-बोल्टचे काम दिसले, तरी वस्तुतः ते इंजिनाची ज्वलनवेळ नव्याने बांधण्याचे काम आहे.

पार्श्वभूमी

रॉबर्ट बॉश यांच्या जर्मन कंपनीने 1927 मध्ये डिझेल पंपांचे नियमित उत्पादन सुरू केले. 1936 च्या मर्सिडीज-बेंझ 260 डी या मोटारीत प्रत्येक सिलिंडरसाठी स्वतंत्र दट्ट्या (प्लंजर) असलेला एकओळी पंप होता. पुढे लहान मोटारींसाठी वितरक पंप प्रचलित झाला. 1976 ची फोक्सवॅगन गोल्फ डिझेल हे त्याचे ठळक उदाहरण. भारतात बॉशचे तंत्र 1951 मध्ये बंगळूर येथे स्थापन झालेल्या 'माइको' कंपनीमार्फत आले. याच कंपनीच्या नाशिक येथील कारखान्यात नोझल तयार होऊ लागली.

रचना

बॉशच्या 'व्हीई' जातीच्या वितरक पंपात एकच दट्ट्या असतो. तो स्वतःभोवती फिरतो आणि त्याच वेळी पुढेमागेही होतो. पुढेमागे होण्याने दाब निर्माण होतो, तर फिरण्याने इंधन एकामागून एक सिलिंडरकडे वाटले जाते. चार फेऱ्यांच्या इंजिनात पंपाचा दांडा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. या पंपाचे अंतर्भाग डिझेलनेच वंगित होतात. कचरा, पाणी किंवा कोरडे फिरणे हे त्याचे खरे शत्रू आहेत.

डिझेलमधील गंधक काढताना त्याचा अंगचा वंगणगुणही घटतो, म्हणून शुद्धीकरण कारखान्यांत वंगणवर्धके मिसळावी लागतात. भारतात 1 एप्रिल 2020 पासून गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत 10 भाग इतकी आहे. इंधनाची घडण बदलली की जुनी रबरी सीले आकसून गळू लागतात. अशा वेळी बहुधा सीलसंच पुरतो. आख्खा पंप बदलण्याची घाई अनाठायी ठरते.

बिघाडाची पारख

पंपावर आळ लवकर येतो. सकाळी इंजिन सुरू व्हायला कष्ट पडत असतील, तर आधी फिल्टर, ग्लो प्लग आणि टाकीकडून येणारी नळी तपासावी. पंपाच्या तोंडाशी पारदर्शक नळीचा तुकडा बसवल्यास बुडबुडे दिसतात आणि हवा शिरत असल्याचे लगेच कळते. याउलट गार इंजिन सहज सुरू होते, पण तापल्यावर होत नाही, हे दट्ट्या झिजल्याचे लक्षण आहे. गरम, पातळ झालेले डिझेल झिजेच्या फटीतून निसटते.

पंप बदलणे

नवा किंवा दुरुस्त पंप बाहेरून सारखा दिसला म्हणून चालत नाही. पट्टीवरील क्रमांक, फिरण्याची दिशा आणि सिलिंडरांची संख्या जुळावी लागते. दुरुस्त पंप चाचणीयंत्रावर मापन करून घेतलेला असावा.

गोल्फसारख्या दातेरी पट्ट्याच्या इंजिनात पहिला सिलिंडर वरच्या मृतबिंदूवर आणून फ्लायव्हीलवरील खूण जुळवतात. कॅमशाफ्ट पट्टीने व पंपाचे चाक खिळीने अडवल्यावरच पट्टा काढतात. ही शिस्त सोडल्यास झडपा पिस्टनवर आदळू शकतात. पंपाचे चाक निमुळत्या दांड्यावर घट्ट बसलेले असते. ते ओढणीने (पुलर) काढावे. हातोडीचा घाव आतील भागांना बाधतो.

वेळजुळणीसाठी पंपाच्या मागील डोक्यातील मधला स्क्रू काढून तेथे डायल गेज लावतात. इंजिन हळूहळू उलटे फिरवत सुई स्थिर झाली की गेज शून्यावर आणतात आणि इंजिन पुन्हा सुलट फिरवून मृतबिंदूवर नेतात. दट्ट्या किती उचलला गेला, हे गेज दाखवते. अनेक जुन्या मोटारींत हे अंतर एक मिलिमीटरच्या आसपास असते. नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. थंडीतील सुरुवातीची तार मोजणीच्या वेळी सैल हवी, नाहीतर सगळे माप खोटे पडते. पंपाचे अंग दांड्याच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेला वळवल्यास वेळ अलीकडे येते. वेळ फार अलीकडे आली की इंजिन ठोकते आणि पिस्टन व हेड गॅस्केटवर ताण येतो. फार पलीकडे गेली की पांढरा धूर येतो आणि जोर कमी होतो.

परतीच्या नळीचा बोल्ट पुरवठ्याच्या बोल्टासारखाच दिसतो, परंतु त्यात बारीक छिद्र असते आणि डोक्यावर 'आउट' असे कोरलेले असते. या दोहोंची अदलाबदल झाल्यास पंपाच्या आतील दाब बिघडतो. चांगल्या पंपाला नाहक दोष लावण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

हवा काढणे

सुरू करण्यापूर्वी पंपात स्वच्छ, गाळलेले डिझेल भरावे. नंतर इंजेक्टरकडील नट सैल करून, मधे विश्रांती देत, स्टार्टर फिरवतात. डिझेल पाझरू लागले की नट आवळतात. गळती शोधण्यासाठी बोट कधीही लावू नये. जुन्या मोटारींचे इंजेक्टरही शंभर बारहून अधिक दाबाला उघडतात. अशा दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीच्या टोकाएवढी असते आणि आरंभी दुखतही नाही, तरीही तातडीची शस्त्रक्रिया लागते; विलंब झाल्यास बोट गमवावे लागू शकते. गळती पुठ्ठ्याच्या तुकड्याने तपासतात.