मुक्तस्रोत प्रणालीकडे वळताना : सवय, सुलभता आणि वापरकर्त्याची तक्रार

एखाद्या संगणकीय आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना पाहण्यास, वापरण्यास, बदलण्यास आणि पुढे वितरित करण्यास खुली असेल, तर तिला मुक्तस्रोत किंवा ओपन सोर्स आज्ञावली असे म्हटले जाते. लिनक्स ही कार्यप्रणाली, लिबरऑफिस हा कार्यालयीन कामकाजाचा संच आणि फायरफॉक्स हा ब्राउझर ही तिची परिचित उदाहरणे होत. परवाना शुल्कात बचत आणि एकाच कंपनीवरील अवलंबित्वातून सुटका, या दोन प्रमुख कारणांसाठी अनेक देशांतील शासकीय कार्यालये, शाळा आणि सुरक्षा दले गेल्या दोन दशकांत या प्रणालीकडे वळली. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबविल्यानंतर हा विषय पुन्हा चर्चेत आला आहे.

असा निर्णय वरिष्ठ पातळीवर होत असला, तरी त्याची कसोटी रोज संगणकासमोर बसणाऱ्या कर्मचाऱ्याच्या कामात लागते. काही ठिकाणी हा बदल कायमचा रुजला, तर काही ठिकाणी मोठा खर्च करून माघार घेण्यात आली. आज्ञावलीच्या गुणवत्तेइतकाच बदलाचा क्रम आणि तक्रारींची हाताळणी यांचाही या यशापयशात वाटा असल्याचे दिसून येते.

सुलभता कशाला म्हणावे?

आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने आयएसओ ९२४१ या मानकमालिकेच्या ११ व्या भागात सुलभतेची व्याख्या केली आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले हे मानक २०१८ मध्ये सुधारण्यात आले. विशिष्ट वापरकर्त्यांना, विशिष्ट परिस्थितीत, आपले विशिष्ट उद्दिष्ट परिणामकारकपणे, कार्यक्षमतेने आणि समाधानाने साध्य करता येणे म्हणजे सुलभता, असा तिचा आशय आहे. याचाच अर्थ असा की, कोणतीही आज्ञावली स्वतःहून सोपी किंवा अवघड नसते. नवशिक्या विद्यार्थ्याला जी सहज वाटते, तीच पंधरा वर्षे दुसऱ्या प्रणालीवर काम केलेल्या लिपिकाला अडथळ्याची वाटू शकते. त्याच्या बोटांना मेनू, कळा आणि खिडक्यांच्या जागा पाठ झालेल्या असतात. प्रणाली बदलली की हे कौशल्य एका दिवसात निरुपयोगी ठरते आणि अनुभवी माणूस नवख्यासारखा चाचपडू लागतो. त्याच्या चिडचिडीचे मूळ बहुतांशी येथे असते.

एकाच कंपनीच्या उत्पादनातही हे घडते. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००७ मध्ये जुने मेनू काढून रिबन ही नवी मांडणी आणली, तेव्हा जगभरातील वापरकर्त्यांनी नापसंती व्यक्त केली होती. मात्र, तेथे ती कंपनीची नवी आवृत्ती म्हणून हळूहळू स्वीकारली गेली. मुक्तस्रोत प्रणालीबाबत तशीच तक्रार थेट स्थित्यंतराच्या निर्णयाविरुद्धचा पुरावा म्हणून मांडली जाते.

निर्मात्यांकडील उणिवा

असे असले, तरी सर्व दोष सवयीवर ढकलता येणार नाही. सन मायक्रोसिस्टिम्सने २००१ मध्ये लिनक्सवरील ग्नोम या डेस्कटॉपची प्रत्यक्ष वापरकर्त्यांसमवेत चाचणी घेतली. सामान्य माणसाला न उमगणारे तांत्रिक शब्द आणि गोंधळात टाकणारी मांडणी त्यातून उघड झाली. पुढे २००२ मध्ये आलेल्या ग्नोम २ मध्ये मांडणी लक्षणीयरीत्या सोपी करण्यात आली आणि तिच्यासाठी लेखी मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली.

मुक्तस्रोत चळवळीचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांना २००४ मध्ये घरातील दुसऱ्या संगणकाला जोडलेला प्रिंटर लिनक्सवर वापरताना बरीच खटपट करावी लागली. त्यांनी या अनुभवावर परखड निबंध लिहून आपल्याच सहकाऱ्यांना दोष दिला. अनेक आज्ञावली जाणकार मंडळी मुख्यतः स्वतःच्या गरजेतून लिहितात. ज्याला उत्तर आधीच ठाऊक असते, त्याला इतरांचा प्रश्न दिसत नाही, हे या अडचणीचे मूळ आहे.

म्युनिकचा अनुभव

जर्मनीतील म्युनिक महानगरपालिकेचे उदाहरण या संदर्भात सर्वाधिक चर्चिले जाते. विंडोज एनटी ४ चे साहाय्य संपत आल्याने नगरपरिषदेने मे २००३ मध्ये लिनक्सचा पर्याय निवडला. मायक्रोसॉफ्टचे तत्कालीन प्रमुख स्टीव्ह बामर यांनी महापौर क्रिस्टियन उडे यांची स्वतः भेट घेऊनही निर्णय बदलला नाही. लिमक्स या नावाने ओळखल्या गेलेल्या या प्रकल्पात २००६ पासून संगणक बदलण्यास प्रारंभ झाला आणि २०१३ च्या अखेरीस १४ हजारांहून अधिक संगणक नव्या प्रणालीवर आले. विभागोविभागी वापरात असलेले पत्रांचे व अर्जांचे नमुने नव्याने करावे लागले. त्यासाठी पालिकेने वोलमक्स ही आज्ञावली स्वतः विकसित केली. एक कोटी युरोंहून अधिक बचत झाल्याचे पालिकेने २०१२ मध्ये जाहीर केले. मायक्रोसॉफ्टला हा हिशेब मान्य नव्हता.

महापौरपदी डिटर रायटर आल्यानंतर २०१४ पासून तक्रारींना राजकीय वजन प्राप्त झाले. बाहेरून आलेल्या वर्ड फाइलींची मांडणी बिघडणे, तसेच ई-मेल, संपर्क आणि दिनदर्शिका एकाच ठिकाणी नसणे, या प्रमुख तक्रारी होत्या. २०१६ च्या सल्लागार अहवालाने मात्र अनेक अडचणींचे मूळ पालिकेच्या विखुरलेल्या संगणक विभागांत आणि कामाच्या रचनेत असल्याचे नमूद केले होते. कर्मचाऱ्याला हा भेद दिसत नाही. मेल अडली, प्रिंटर थांबला किंवा दुरुस्तीस विलंब झाला, तरी ठपका लिनक्सवरच येतो. अखेर नोव्हेंबर २०१७ मध्ये नगरपरिषदेने विंडोजकडे परतण्याचा निर्णय घेतला. त्यासाठी सुमारे ५ कोटी युरो खर्च अपेक्षित होता. त्यानंतर २०२० मध्ये सत्तेवर आलेल्या नव्या आघाडीने शक्य तेथे मुक्तस्रोतास प्राधान्य देण्याचे धोरण पुन्हा स्वीकारले.

आधी साधने, मग कार्यप्रणाली

फ्रान्सच्या राष्ट्रीय जॉंदार्मरी या सुरक्षा दलाने वेगळा क्रम अवलंबिला. दलाने २००५ मध्ये विंडोजवरच ओपनऑफिस आणले आणि त्यानंतर फायरफॉक्स व थंडरबर्ड. कर्मचाऱ्यांचा हात या साधनांवर बसल्यानंतर २००८ पासून उबुंटू लिनक्सवर आधारित प्रणाली बसविण्यास सुरुवात झाली. तोपर्यंत रोजची साधने ओळखीची झाली होती. बदलली ती केवळ त्याखालची कार्यप्रणाली. दलाचे बहुसंख्य संगणक याच प्रणालीवर आले आणि म्युनिकसारखी माघार तेथे घ्यावी लागली नाही.

जर्मनीच्या श्लेस्विग-होलस्टाइन राज्यानेही टप्प्याटप्प्याचा मार्ग स्वीकारला आहे. सुमारे ३० हजार संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य प्रशासनाची ई-मेल व्यवस्था मुक्तस्रोत प्रणालीवर नेण्यात आली. लिनक्सचा टप्पा त्यापुढचा आहे.

भारतातील स्थिती

भारतात केरळच्या शालेय शिक्षणाचे उदाहरण ठळक आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने पुढे शाळांतील संगणक शिक्षण मुक्तस्रोत प्रणालीवर आणले. पाठ्यपुस्तके त्याच आज्ञावलींवर बेतली गेली आणि शिक्षकांना प्रशिक्षण देण्यासाठी शिक्षकांमधूनच मुख्य प्रशिक्षक निवडले गेले. अडचण विचारण्यासाठी ओळखीचा माणूस उपलब्ध राहिला. शिवाय, विद्यार्थ्यांना जुनी सवय मोडावी लागली नाही.

प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅकने बॉस ही लिनक्स प्रणाली भारतीय भाषांच्या सुविधेसह विकसित केली. केंद्र सरकारने २०१५ मध्ये ई-प्रशासनात मुक्तस्रोतास प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

मराठीतून कामकाज करणाऱ्या कार्यालयांपुढे आणखी एक प्रश्न असतो. युनिकोडपूर्व काळातील अनेक फॉन्टमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली होती. असा फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर जुनी टिप्पणी उघडताच पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसते. दस्तऐवज शाबूत असतो, पण तो वाचता येत नाही. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे, हाच त्यावरील टिकाऊ उपाय आहे. कळफलकाचेही तसेच आहे. लिनक्समध्ये इनस्क्रिप्ट कळफलक उपलब्ध असतो. परंतु टंकलेखन यंत्राच्या मांडणीवर वेग कमावलेल्या कर्मचाऱ्याला तो नव्याने शिकावा लागतो. त्या काळात काम मंदावणार, हे वरिष्ठांनी आधीच गृहीत धरणे आवश्यक ठरते.

बदलापूर्वीची तयारी

या अनुभवांवरून काही बाबी स्पष्ट होतात. कोणते कर्मचारी कोणते काम कशा प्रकारे करतात, याची पाहणी स्थित्यंतरापूर्वी झाली पाहिजे. नेहमीची पत्रे, तक्ते, मुद्रक आणि जुन्या फाइली नव्या प्रणालीवर तपासून घ्याव्या लागतात. परवान्यावर वाचलेल्या रकमेतील काही भाग प्रशिक्षण आणि मदत कक्षासाठी राखून ठेवणे इष्ट असते. तक्रार नोंदविताना ती आज्ञावलीची, जाळ्याची, फाइलीच्या स्वरूपाची की सवयीची, हे वेगळे लिहिले गेल्यास उपाय नेमका होतो. कर्मचाऱ्याची नाराजी ही बदलाला विरोध समजून दुर्लक्षिली गेली, तर ती साचत जाते आणि एखाद्या सत्तांतरात संपूर्ण प्रकल्पच उलटवू शकते, हे म्युनिकने दाखवून दिले आहे.