अनोळखी फळाची ओळख



आपल्या घरांत मुलीला दोन नियम लहानपणीच कळतात. वड, पिंपळ, उंबर अशी पाच उदुंबर फळे खायची नाहीत, कारण त्यांत सूक्ष्म जीव असतात. आणि अनोळखी फळ तोंडात घालायचे नाही.

सांगलीहून लग्न होऊन मी चंद्रपूरला आले, तेव्हा इथली निम्मी रानफळे मला अनोळखीच होती. चारोळी फक्त बासुंदीवरची माहीत. तिच्याभोवती आंबटगोड गर असतो हे इथे कळले. टेंभरं तर नावानेही ठाऊक नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "आधी ओळख करून घे, मग ठरव." नियमाचा अर्थ मला तेव्हा नीट उमगला.

टेंभरं म्हणजे तेंदूचे फळ. कच्चे असताना तुरट. उन्हाळ्यात पिवळे होऊन पिकले की चिकूसारखा गोड गर. बिया मोठ्या, सहज वेगळ्या काढता येणाऱ्या.

पण या झाडाचे फळ मागे पडले आणि पान पुढे आले. पानाची बिडी होते ना! महाराष्ट्रात १९६९ च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार सरकारी नियंत्रणात आला. कोवळी पाने भरपूर फुटावीत म्हणून हंगामाआधी झुडपे छाटतात, फांद्या तोडतात, कुठे जंगलात आगही लावतात. फांदीच गेली तर फळ कुठून धरणार? आणि त्या आगीत किती जीव जळतात, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी ते एक. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला तो २०१२ मध्ये मिळाला. जंगल हाती आल्यावर पाचगावच्या ग्रामसभेने ठरवले की तेंदूपान तोडायचे नाही. गावाचा आधार बांबूवर ठेवला. छाटणी आणि आग थांबल्यावर तेंदूची झाडे वाढली, फळे धरू लागली. ती माणसांनी खाल्ली, पाखरांनीही.

हा निर्णय सोपा नव्हता. उन्हाळ्यात शेतात काम नसते, तेव्हा तेंदूपानाचा पैसा रोख हातात येतो. गडचिरोलीतल्या कितीतरी घरांचे वर्षाचे मीठमिरची त्यावर चालते, आणि अनेक ग्रामसभा आज स्वतःच पानांचा लिलाव करतात. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण पाचगावने रोकड सोडून फळ निवडले, याला मी त्यागच म्हणेन. आपण चातुर्मासात एखादी भाजी सोडतो. त्यांनी अख्ख्या गावाची एक कमाई सोडली.

म्हणून मैत्रिणींनो, उन्हाळ्यात बाजारात टोपली घेऊन बसलेली बाई दिसली की थांबा. फळाचे नाव विचारा, झाड विचारा, आत काय असते ते विचारा. ओळख पटली, नियमात बसले, तर घरी आणा. सफरचंद तर बाराही महिने मिळते.