दोन भाषांतील अंत्यमिस्सा

ख्रिस्तसभेच्या उपासनेचा इतिहास सांगताना आपण परिषदा, परमगुरुस्वामींची पत्रके आणि ग्रंथांच्या आवृत्त्या यांचीच नोंद करीत असतो. परंतु उपासनेतील एखादी सुधारणा लोकांच्या जीवनात कितपत रुजली हे पाहावयाचे असेल, तर अंत्यविधीकडे पाहावे. मृताच्या घरी माणूस जी प्रार्थना पुटपुटतो, ती त्याच्या आईने शिकविलेली असते. म्हणूनच अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील स्पॅनिशभाषक कॅथलिकांच्या अंत्यविधीचा इतिहास आम्हांला मोलाचा वाटतो. आज तेथील अनेक धर्मग्रामांत एखाद्या वृद्धेची अंत्यमिस्सा स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत होते. वरवर पाहता ही एक साधी सोय दिसते. तिच्यामागे मात्र फार मोठा काळ उभा आहे.

हे सारेच लोक बाहेरून अमेरिकेत आले असे नव्हे. २ फेब्रुवारी १८४८ रोजी झालेल्या ग्वादालूपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण उत्तर प्रदेश अमेरिकेकडे गेला. माणसे होती तेथेच राहिली, देश तेवढा बदलला. या प्रदेशातील न्यू मेक्सिकोचे बिशप त्यापूर्वी दूरवरच्या दुरांगो शहरी राहात. १७६० मध्ये एक बिशप तेथे येऊन गेले आणि त्यानंतर १८३३ पर्यंत दुसरे कोणी बिशप फिरकलेच नाहीत. धर्मगुरू थोडे, गावे विखुरलेली, वाटा बिकट. अशा स्थितीत मृतांसाठी प्रार्थना करावयाची कोणी?

ती गावकऱ्यांनीच केली. नाझरेथकर येशूच्या नावाने स्थापन झालेल्या बंधुसंघांचे सभासद मृताच्या घरी जमत. देह रात्रभर घरातच ठेवलेला असे. या जागरणाला ‘वेलोरियो’ म्हणतात. पवित्र जपमाळ होई आणि ‘अलाबादो’ नावाची संथ सुरांची भक्तिगीते वाद्यांवाचून गायिली जात. दफनानंतर नऊ दिवस पुन्हा जपमाळेसाठी सारे एकत्र येत. ही नऊ दिवसांची भक्ती म्हणजे ‘नोवेनारियो’. हे सगळे स्पॅनिश भाषेत चाले आणि एका पिढीकडून दुसरीकडे मुखोद्गत जाई. १८५१ मध्ये सांता फे येथे आलेले फ्रेंच बिशप लामी यांनी शाळा व मंदिरे उभारली, पण या बंधुसंघांकडे त्यांनी व त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांनी बराच काळ संशयाने पाहिले. आर्चबिशप बर्न यांनी १९४७ मध्ये त्यांना ख्रिस्तसभेची अधिकृत मान्यता दिली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. त्या काळात वेदीवरची भाषा स्पॅनिश नव्हती, तशी ती इंग्रजीही नव्हती. १५७० चे मिस्सापुस्तक आणि १६१४ चा रोमन विधिग्रंथ यांनुसार अंत्यमिस्सा सर्वत्र लॅटिनमध्येच होई. सांता फेचा मेंढपाळ आणि बॉस्टनचा आयरिश मजूर या दोघांनाही ती भाषा सारखीच परकी होती. मंदिरात लॅटिन आणि घरात मातृभाषा, अशी ही जुनी द्विभाषिकता होती.

मात्र मृत्यूनंतर सारे समान, हा विश्वास समाजात उतरलाच होता असे नाही. टेक्सासमधील थ्री रिव्हर्स या गावचा सैनिक फेलिक्स लाँगोरिया १९४५ मध्ये फिलिपाइन्समध्ये लढताना धारातीर्थी पडला. त्याचे अवशेष १९४९ मध्ये मायदेशी आणावयाचे ठरले, तेव्हा गावातील अंत्यविधीगृहाने जागरणासाठी आपली प्रार्थनागृहाची जागा देण्याचे नाकारले. कारण एवढेच की, तो मेक्सिकन वंशाचा होता आणि गोऱ्या गावकऱ्यांना ते रुचणार नव्हते. डॉक्टर हेक्टर गार्सिया यांनी या अन्यायाला वाचा फोडली. सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी पुढाकार घेतला आणि १६ फेब्रुवारी १९४९ रोजी आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्या सैनिकाला सन्मानाने मूठमाती देण्यात आली. ज्या समाजाला आपल्या मृताजवळ बसण्यासाठी जागा मागावी लागली, त्याला पुढे आपल्या भाषेसाठी जागा मिळणे किती अर्थपूर्ण वाटले असेल, हे वाचकांनीच ताडावे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक संविधान जाहीर केले. लोकभाषांना उपासनेचे दार उघडले. अंत्यविधीतून ख्रिस्ती मरणाचे पास्काशी असलेले नाते अधिक स्पष्ट व्हावे आणि त्या त्या प्रदेशाच्या परंपरांशी तो विधी सुसंगत असावा, असे त्यात सांगितले आहे. २९ नोव्हेंबर १९६४ या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत इंग्रजी वेदीवर आली. १५ ऑगस्ट १९६९ रोजी अंत्यविधीचा नवा रोमन ग्रंथ निघाला. क्रोधाच्या दिवसाचे भयगीत अंत्यमिस्सेतून गेले आणि पुनरुत्थानाच्या आशेचा आल्लेलुया आला.

आणि येथेच एक नवा पेच उभा राहिला. लोकभाषा हवी, पण कोणत्या लोकांची? कोणाचीच नसलेली लॅटिन सर्वांना एका बाकावर बसवीत होती. जिवंत भाषा आली आणि एकाच कुटुंबाचे दोन भाग पडले. आजी स्पॅनिशमध्ये प्रार्थना करणारी, मुले दोन्ही भाषा जाणणारी, तर नातवंडांना इंग्रजीवाचून दुसरे काही धड न कळणारे. ५ मे १९७० रोजी सॅन अँटोनियो येथे पॅट्रिसिओ फ्लोरेस हे मेक्सिकन वंशाचे पहिले अमेरिकन बिशप अभिषिक्त झाले. १९७२ मध्ये फादर व्हर्जिलिओ एलिसोंदो यांनी त्याच शहरात एक सांस्कृतिक केंद्र स्थापन केले. धर्मगुरूंना लोकांची भाषा आणि भक्तिपरंपरा शिकविण्याचे काम तेथे सुरू झाले. घरातील भक्ती म्हणजे अडाणीपणा नव्हे, ती श्रद्धेची भाषा आहे, हे हळूहळू मान्य होऊ लागले.

१९८९ पासून अमेरिकेत वापरात आलेल्या सुधारित इंग्रजी विधीत अंत्यविधीचे तीन टप्पे स्पष्ट केले आहेत: जागरण, अंत्यमिस्सा आणि दफन. द्विभाषिक विधीची आखणी करताना या तीन टप्प्यांचाच मोठा आधार होतो. जागरण स्पॅनिशमध्ये होऊ शकते. तेथे जपमाळेला आणि जुन्या गीतांना मोकळी जागा असते. मिस्सेत एक वाचन स्पॅनिशमध्ये व दुसरे इंग्रजीत ठेवता येते. स्तोत्राचे ध्रुवपद सर्वांना पेलेल असे छोटे व द्विभाषिक निवडता येते. विश्वासूंच्या प्रार्थना आळीपाळीने दोन्ही भाषांत म्हणता येतात. प्रभूची प्रार्थना ज्याने त्याने आपापल्या भाषेत म्हणावी. त्या संमिश्र स्वरात कोणाचेच काही हरवत नाही. अखेरच्या निरोपाच्या वेळी, देवदूतांनी मृताला स्वर्गात न्यावे अशी विनवणी करणारे प्राचीन लॅटिन गीत आजही गाता येते.

प्रत्येक वाक्य दोनदा म्हणणे हा मात्र उपाय नव्हे. त्यामुळे उपासना लांबते आणि तिची लय मोडते. छापील पत्रिकेत दुसऱ्या भाषेतील मजकूर दिला की ऐकणाऱ्याला पुरते. प्रवचनही भाषांतर होऊ नये. दोन भाषांत एकच विचार पुढे सरकावा. मृताची स्तुती हे त्याचे प्रयोजन नाही, कारण तेथे ख्रिस्ताच्या विजयाची घोषणा करावयाची असते. कुटुंबीयांचे आठवणींचे दोन शब्द मिस्सेच्या अखेरीस, अंतिम निरोपाआधी येऊ शकतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. कोणता भाग कोणत्या भाषेत, हे ठरविणे म्हणजे शोकात कोणाला सहभागी करून घ्यावयाचे ते ठरविणे होय. आजीची भाषा वगळली तर जिने त्या घराला प्रार्थना शिकविली तिचाच निरोप परक्या शब्दांत होतो. नातवंडांची भाषा वगळली तर ती शवपेटीजवळ मुकी उभी राहतात आणि आजीचा विश्वास आपलाही आहे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

हा प्रश्न आपल्याही उंबरठ्यावर आहे. वसईच्या कित्येक घरांत आजी-आजोबा मराठीत किंवा बोलीत प्रार्थना करतात आणि नातवंडे इंग्रजी शाळांत शिकतात. काही तर परदेशातच वाढतात आणि अंत्यविधीपुरती गावी येतात. अशा वेळी एखादे वाचन नातवाला त्याच्या भाषेत करू द्यावे, पण घरातील जपमाळ आणि जुनी मराठी गीते हातची जाऊ देऊ नयेत. न्यू मेक्सिकोच्या त्या खेड्यांत धर्मगुरू पोहोचू शकले नाहीत, तेव्हा लोकांच्या मुखातील प्रार्थनांनीच मृतांना सोबत केली. तेथे श्रद्धा टिकली ती त्या प्रार्थनांच्या बळावर, हे आपण विसरू नये.