वर्ध्याच्या कापडाची खळ

वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या कापसाचे नाव 19व्या शतकात परदेशी बाजारापर्यंत पोहोचले होते. त्याच कापसाच्या सुताला लागणाऱ्या खळीची दखल मात्र फारशी कोणी घेतली नाही. मागावर ताण्याचा धागा सतत घासला जातो. खळ वाळली की सुटे तंतू धाग्याला चिकटून बसतात आणि धागा तुटत नाही. वऱ्हाड-नागपूरकडचे कोष्टी आणि महार विणकर तांदूळ, गहू किंवा ज्वारीच्या पिठाची पेज करून कुंच्याने ताण्यावर फिरवत. या कामाला पांजणी म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात घोंगडीला चिंचोक्यांची खळ देत.

पुढे हिंगणघाट आणि पुलगावला कापडगिरण्या उभ्या राहिल्या. त्या काळी गिरण्यांच्या धंद्यात खळीत चिनी माती मिसळून कापड जड करण्याची चाल होती. पहिल्याच धुण्यात ते वजन उतरे, आणि गिऱ्हाइकाला तेव्हा कळे.

विनोबा भावे यांनी 1921 मध्ये वर्ध्यात आश्रम सुरू केला. 1934 मध्ये वर्ध्यातल्याच मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम सुरू झाले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे सूत्रधार होते. वर्ध्यात खादीचा पसारा वाढला तसा पांजणीचा प्रश्नही मोठा झाला, कारण हातसूत एकसारखे नसते. खळीवाचून त्याचा ताणा टिकणे कठीण. मगनवाडीत हातकागदही होई. कागदालाही खळ किंवा सरस लागतो, नाहीतर शाई फुटते.

समुद्री शेवाळाचा या साखळीत प्रवेश छपाईच्या वाटेने झाला. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ ई. सी. सी. स्टॅनफर्ड यांनी 1881 मध्ये तपकिरी शेवाळातून अल्जिनिक आम्ल वेगळे केले होते. सुती छपाईत त्याचे खरे मोल कळले ते 1956 मध्ये रिॲक्टिव्ह रंग बाजारात आल्यावर. हे रंग कापसाच्या सेल्युलोजशी रासायनिक बंध जोडतात. स्टार्चची रचना सेल्युलोजसारखीच असल्याने छपाईचा रंग दाट करायला घातलेल्या स्टार्चच्या खळीशीही रंग जुळतो, छाप फिकी पडते आणि कापड ताठ राहते. अल्जिनिक आम्लाचा क्षार असलेल्या सोडियम अल्जिनेटवरचा ऋणभार त्याच भाराच्या रंगाला दूर ठेवतो, त्यामुळे वाफ दिल्यानंतर ते धुऊन निघते. भारतात यासाठीचे सरगॅसम शेवाळ प्रामुख्याने तमिळनाडूच्या मंडपम् किनाऱ्यावर गोळा होते.

पांजणीत मात्र अल्जिनेट रुजले नाही. तिथे रंगाचा संबंध येत नाही, आणि स्टार्च पुष्कळच स्वस्त पडतो. सुती ताण्याच्या खळीत आजही मुख्यतः स्टार्चच असतो.