सालमोनेला पोटात गेल्यावर आतड्यात नेमकं काय घडतं?

कच्च्या अंड्याचं मेयोनीज किंवा अर्धवट शिजलेलं चिकन खाल्ल्यावर ६ ते ७२ तासांत पोटात कळा, जुलाब आणि ताप सुरू झाला, तर त्यामागे सालमोनेला हा जीवाणू असू शकतो. पण सगळा त्रास तो एकटा देत नाही. बराचसा त्रास आपल्याच आतड्याच्या प्रतिकारामुळे होतो.

आतड्याच्या आतून पेशींचा फक्त एक थर असतो. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जीवाणू, दुसऱ्या बाजूला आपल्या रक्तवाहिन्या. मग या पेशी रोजच का चवताळत नाहीत? कारण जीवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखणारा टीएलआर-५ हा रिसेप्टर मुख्यतः पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला असतो. शेपटी तिथे सापडली, म्हणजे कुणीतरी भिंत ओलांडलेली आहे.

सालमोनेला हेच करतो. सुईसारख्या यंत्रणेने तो पेशीत आपली प्रथिनं टोचतो. पेशीचा पृष्ठभाग लाटेसारखा उसळतो आणि पेशी स्वतःच त्याला आत ओढून घेते! मग पेशीतलं एनएफ-कप्पा-बी हे प्रथिन धोक्याची जनुकं चालू करतं. पेशी इंटरल्युकिन-८ सोडतात आणि त्याच्या मागावर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तातून धावत येतात. ही झाली आतड्याची सूज. थर सैल पडतो, पाणी आणि क्षार आतड्यात झिरपतात, जुलाब होतात. बाधित झालेल्या काही पेशी तर जीवाणूसकट थरातून गळून पडतात.

गंमत म्हणजे या सुजेचा सालमोनेलाला फायदाही होतो. २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनानुसार, न्यूट्रोफिलच्या माऱ्यातून टेट्राथायोनेट हे रसायन तयार होतं. सालमोनेला ते ऑक्सिजनऐवजी श्वसनासाठी वापरतो. आतड्यातल्या बहुतेक प्रतिस्पर्धी जीवाणूंना हे जमत नाही, त्यामुळे तो त्यांच्या पुढे निघून जातो.

टायफॉइडचा जीवाणूही सालमोनेलाच, पण त्याची चाल उलटी. तो ‘व्हीआय’ नावाचं आवरण पांघरतो, आतड्याला फारसा सुगावा लागू देत नाही आणि रक्तात शिरतो. म्हणूनच टायफॉइडमध्ये सुरुवातीला जुलाब नसूही शकतात, नुसता ताप चढत जातो. असा ताप तीन-चार दिवसांत उतरला नाही, तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी डॉक्टरांना ब्लड कल्चरबद्दल विचारावं. आणि जुलाबात रक्त पडत असेल, सोबत ताप असेल, तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नये. ओआरएस चालू ठेवून दवाखाना गाठावा.