नथ उतरण्याचा प्रसंग

आमच्या गोंदियाकडे वयस्क सुवासिनीला नाकांतली फुली काढावयास सांगणें ही साधी गोष्ट नव्हे. कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या आत्याबाईंस पित्ताशयांतील खड्यांच्या शस्त्रक्रियेसाठीं एका रुग्णालयांत ठेविलें होतें. शस्त्रक्रियागृहाच्या दाराशीं परिचारिकेनें अंगावरचें सर्व काढण्यास घाईनें सांगितलें. आत्याबाईंनीं पाटल्या दिल्या, जोडवीं दिलीं. फुलीपाशीं मात्र हात थांबला. "धनी जिवंत असतां ही कां काढूं?" एवढेंच त्या म्हणाल्या, आणि सारें काम खोळंबलें. अशा हट्टास हंसणें सोपें आहे; त्याचें मूळ शोधणें अधिक उपयोगाचें.

अंग टोंचून दागिना घालण्याची चाल आपल्याकडे फार जुनी, परंतु ती मुळांत कानाची. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील सोळावा अध्याय कर्णवेधाचाच आहे. बालकाचे कान रक्षणासाठीं व भूषणासाठीं टोंचावे, सहाव्या किंवा सातव्या महिन्यांत टोंचावे, मुलाचा उजवा व मुलीचा डावा कान आधीं टोंचावा, सूर्यप्रकाशांत पाळीचा जो भाग पारदर्शक दिसेल तेथेंच सुई घालावी व छिद्रांत कापसाची वात ठेवावी, इतका बारीक विचार तेथें आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, वात केव्हां काढावी हेंही तेथें सांगितलें आहे. टोंचणें चुकल्यामुळें किंवा वात फार जाड झाल्यामुळें सूज व वेदना आल्यास ती तत्काळ काढावी, ज्येष्ठमध, एरंडमूळ, मंजिष्ठा, यव व तीळ यांचा लेप मध व तूप घालून लावावा, आणि जखम भरल्यावर पुन्हां टोंचावें. म्हणजे देहरक्षणासाठीं काढणें आणि मग पुन्हां घालणें, ही शास्त्राचीच आज्ञा होय. (आजचे वैद्य मात्र पू झाला असतां दागिना आपल्याच मनानें काढूं नये असें सांगतात, छिद्र बुजून पू आंत कोंडण्याचें भय असतें.)

नाकाची कथा निराळी आहे. अजिंठ्याच्या भिंतींवरील स्त्रियांच्या कानांत, गळ्यांत, केसांत अलंकारांची रेलचेल आहे. नाक मात्र मोकळें. भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनीं नथीच्या प्राचीनत्वाविषयीं १९३८ च्या सुमारास निबंध लिहिला, आणि अनंत सदाशिव अळतेकर यांनींही त्याच काळांत हा प्रश्न हाताळला. इसवी सन १००० च्या पूर्वींच्या वाङ्मयांत व शिल्पांत या अलंकाराचा पत्ता लागत नाहीं, असाच दोघांच्या विवेचनाचा रोख आहे. जी नथ आपण सौभाग्याचें सनातन चिन्ह मानतों, तिचें वय असें फार तर हजार वर्षांचें ठरतें.

मग आत्याबाईंचें भय कोठून आलें? तें शास्त्रांतून नव्हे, वैधव्याच्या रूढींतून आलें. आपल्या भाषेंत सुवासिनीची बांगडी फुटत नाहीं, ती "वाढते". इतकें हें मन हळवें आहे. दागिने उतरविले जाण्याचा एकच प्रसंग बायकांनीं डोळ्यांनीं पाहिलेला, तो म्हणजे पतीचें निधन. ४ मे २०२२ रोजीं कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामसभेनें विधवेचें कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची व मंगळसूत्र तोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला, व त्याच महिन्यांत राज्यशासनानें इतर गांवांनींही तो कित्ता गिरवावा असें परिपत्रक काढलें. ही रूढि गेली तर तें भयही जाईल.

वैद्यांचा आग्रहही रूढि नव्हे; त्याचीं कारणें आहेत. भूल देतांना श्वासनलिकेंत नळी घालावी लागते. त्या वेळीं नाकांतील, ओठांतील वा जिभेवरील दागिना अडकून नाक फाटूं शकतें, अथवा सुटून श्वासमार्गांत जाऊं शकतो. हार्वे कुशिंग यांनीं बोव्ही यांचें विद्युत्‌यंत्र १ ऑक्टोबर १९२६ रोजीं बोस्टन येथें शस्त्रक्रियेंत प्रथम वापरलें. तेव्हांपासून रक्त थांबविण्यासाठीं वीज वापरणें रूढ झालें, व अंगावरील धातूपाशीं भाजण्याचा धोका, क्वचित् कां होईना, उत्पन्न झाला. क्ष-किरणांत धातूची छाया रोग झांकते. चुंबकीय तपासणींत लोखंडी अंश असलेला दागिना ओढला जातो. शुद्ध सोनें ओढलें जात नाहीं, पण मळसूत्र व डांख कशाचे आहेत हें कोण सांगणार?

अखेर आत्याबाईंच्या यजमानांस आंत बोलाविलें. भूलतज्ज्ञांनीं नळीची गोष्ट दोन मिनिटांत समजावून सांगितली. म्हाताऱ्यानें आपल्याच हातानें फुलीचें मळसूत्र सोडविलें, ती उपरण्याच्या गांठींत बांधली, आणि म्हणाला, "मी येथेंच बसतों." चवथ्या दिवशीं घरीं येईतों छिद्र आकसलें होतें. आत्याबाईंनीं कडुनिंबाची बारीक काडी आंत सारली व पुढें हलकेच फुली घातली. सुश्रुताची वात ती हीच.

गोंदियांत २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. देवरी, सालेकसा, अर्जुनी-मोरगांवकडील बाया तेथें येतात. त्यांस दागिना काढावयास दाराशीं नव्हे, आदल्या संध्याकाळीं सांगावें, कारणासह सांगावें, आणि घरच्या माणसासमक्ष सांगावें. त्यांतच घरच्या माणसाची गांठ आणि दुसऱ्या दिवशींची शस्त्रक्रिया, दोन्ही नीट पार पडतील.