पाणी, पोकळी आणि पंपघर: आग विझवणाऱ्या पंपाचा इतिहास

१४ एप्रिल म्हटलं की आपल्याला आधी बाबासाहेबांची जयंती आठवते, आणि ते योग्यच आहे. पण १४ ते २० एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा सप्ताहही असतो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाला आग लागली. जहाजात स्फोटकं होती आणि कापसाच्या गासड्याही होत्या. दुपारी दोनच्या सुमारास आग लक्षात आली. ९०० टनांहून जास्त पाणी जहाजात ओतलं, तरी ती आटोक्यात येईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला मोठा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह आहे, आणि त्या निमित्तानं आजचा विषय घेतला आहे.

विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाच्या मास्तरांचा पंपाशी काय संबंध? संबंध जुना आहे. आम्ही पस्तीस वर्षं वर्गात न्यायदर्शनातलं अनुमान शिकवलं. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं आग आहे. जिथं धूर तिथं आग, जसं स्वयंपाकघर. जिथं आग नाही तिथं धूर नाही, जसं सरोवर. या अनुमानात सरोवर येतं, पण केवळ उलट बाजूचं उदाहरण म्हणून. त्या सरोवराचं पाणी डोंगरावर कसं न्यायचं, हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही, आणि कुणा विद्यार्थ्यानंही विचारला नाही. आमच्या राहत्या इमारतीत धूर दिसला, तेव्हा तो प्रश्न पडला. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी इतिहास पाहू.

पंपानं आग विझवण्याची कल्पना निदान बावीसशे वर्षं जुनी आहे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबियस नावाचा कारागीर होता. त्यानं दट्ट्या आणि झडपांचा, दाब देऊन पाणी फेकणारा पंप केला. पुढे त्याच शहरातल्या हीरोनं दोन नळकांड्यांचा, आगीसाठी वापरायचा पंप वर्णन करून ठेवला. एक दट्ट्या वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, म्हणून धार तुटत नाही. पुढची अनेक शतकं आगीचा पंप म्हणजे हाच. माणसं बदलली, लाकडाच्या जागी धातू आला, हाताच्या जागी वाफ आली, तत्त्व तेच राहिलं.

आता लंडनला जाऊ. २ सप्टेंबर १६६६, रविवारची पहाट. पुडिंग लेनमधल्या एका बेकरीत आग लागली. चार दिवसांत सुमारे १३,२०० घरं आणि ८७ चर्च जळाली. यातली एक बाब आपल्या कामाची आहे. लंडन ब्रिजच्या उत्तरेकडच्या कमानीखाली पाणचक्क्या होत्या. थेम्सच्या प्रवाहावर त्या फिरत आणि शहराला पाणी चढवत. आग पहिल्याच दिवशी तिथं पोचली आणि त्या पाणचक्क्याच जळाल्या. नदी शेजारून वाहत होती, पण तिचं पाणी वर चढवणारं यंत्र राहिलं नव्हतं. आज पंपघराबद्दलचा पहिला नियम यातूनच कळतो: पंपघराच्या भिंती आणि दार आगीला तोंड देणारे हवेत, तिथं जाण्याची वाट वेगळी हवी, आणि आत पंपाशिवाय दुसरं काही नको. आपल्या सोसायट्यांमध्ये मात्र पंपघरातच रंगाचे डबे, जुन्या सतरंज्या आणि गणपतीच्या मंडपाचं सामान असतं.

दुसरी गोष्ट पोकळीची. ती आमच्या विषयाची आहे, म्हणून जरा थांबतो. ॲरिस्टॉटलनं सांगितलं होतं की निसर्गात पोकळी असूच शकत नाही. त्याच्या परंपरेतले लोक म्हणत, पंप पाणी वर ओढतो कारण निसर्गाला पोकळीची भीती वाटते. १६३८ मध्ये गॅलिलिओचा दोन नव्या शास्त्रांवरचा संवादग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातलं एक पात्र सांगतं, की एका हौदावरचा पंप पाणी खाली गेलं की चालेनासा होई. पंप बिघडला असं समजून मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री म्हणाला, पंपात दोष नाही, पाणीच फार खोल गेलंय. अठरा हातांपलीकडे कुठलाही पंप पाणी ओढू शकत नाही. विद्वानांना जे ठाऊक नव्हतं ते मिस्त्रीला अनुभवानं ठाऊक होतं. पुढं टोरिचेल्लीनं १६४४ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीवरून उलगडा केला. पंप पाणी ओढतच नाही. बाहेरच्या हवेचा भार पाण्यावर पडतो आणि तो भार पाण्याला नळीत वर ढकलतो. हवेचं हे बळ साधारण दहा मीटरपर्यंतच पुरतं. प्रत्यक्षात घर्षण आणि गळती धरली तर सहा-सात मीटरच्या पुढे भरवसा नाही.

दट्ट्याचा पंप आपल्या हालचालीनं थोडी हवा काढून टाकतो आणि पाणी येऊ देतो. आपण आज वापरतो तो सेंट्रिफ्युगल पंप हे करू शकत नाही. त्याच्यात पाती असलेलं एक चाक असतं, त्याला इंपेलर म्हणतात. पाणी मध्यावरून आत येतं, फिरत्या पात्यांनी कडेला फेकलं जातं, आणि बाहेरच्या गोगलगायीसारख्या कवचात त्याच्या वेगाचा दाब होतो. हवा पाण्याच्या मानानं फारच हलकी. ती फेकली तरी दाब तयार होत नाही. म्हणून पंपात आधी पाणी भरलेलं असावं लागतं. आमच्या शेतकरी बांधवांना हे सांगायला नको. विहिरीवरची मोटर सुरू करण्याआधी कळशीनं पंपात पाणी ओतणं आणि फूटव्हॉल्व्ह गळतोय का पाहणं, हे त्यांनी लहानपणापासून केलंय. किर्लोस्करवाडीत १९२०च्या दशकात सेंट्रिफ्युगल पंप बनू लागले, तेव्हापासून महाराष्ट्राच्या शिवाराची आणि या पंपाची ओळख आहे.

या पंपाची कल्पनाही जुनीच. सतराव्या शतकाच्या अखेरीस देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं जर्मनीत हेसच्या राजाश्रयानं असा पंप केला. त्याची पाती सरळ होती आणि बरीच शक्ती वाया जाई. १८५१ मध्ये लंडनच्या हाइड पार्कातल्या जागतिक प्रदर्शनात जॉन ॲपोल्ड यानं वक्र पात्यांचा पंप मांडला. त्याची कार्यक्षमता ६८ टक्के भरली, सरळ पात्यांच्या जवळजवळ तिप्पट. तरीही आगीच्या कामाला लोक दट्ट्याचे वाफेचे पंपच वापरत राहिले. कारण आपण आत्ता पाहिलं तेच: नदीतून, तळ्यातून पाणी वर घ्यायचं, तर दट्ट्या बरा. शिवाय सेंट्रिफ्युगल पंपाला वेग लागतो. तो वेग विजेची मोटर आणि वाफेचं टर्बाइन आल्यावर सहज मिळू लागला.

१८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला. भूकंपानं हानी केलीच, पण खरा विध्वंस नंतरच्या तीन-चार दिवसांच्या आगीनं केला. जमिनीखालच्या मुख्य जलवाहिन्या तुटल्या होत्या. तीन बाजूंनी पाणी असलेल्या शहरात बंबांच्या होजला पाणी नव्हतं. शहर शिकलं. पुढच्या काही वर्षांत त्यांनी फक्त आगीसाठी वेगळी, उच्च दाबाची जलव्यवस्था बांधली. डोंगरावर जलाशय, आणि समुद्राचं पाणी घेणारी दोन पंपगृहं, त्यात टर्बाइनवर चालणारे सेंट्रिफ्युगल पंप. आगीचं पाणी पिण्याच्या पाण्यावर अवलंबून ठेवायचं नाही, हा त्याचा अर्थ. आपल्या इमारतीत अग्निशमनाची टाकी वेगळी का असते, याचं उत्तर यात आहे. टँकर आला नाही म्हणून त्या टाकीतलं पाणी उपसणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत.

याच काळात नियमही लिहिले जात होते. अमेरिकेत १८९६ मध्ये स्प्रिंकलरचं पहिलं मानक निघालं आणि १८९९ मध्ये आगीच्या पंपांसाठी वेगळी समिती बसली. सुरुवातीला पंप दुय्यम होता आणि माणूस जाऊन तो सुरू करी. आज बहुतेक ठिकाणी तोच मुख्य आधार असतो आणि आपोआप सुरू होतो. त्या मानकातले दोन नियम आम्हाला फार बोलके वाटतात. पहिला: पंपानं ठरलेल्या प्रवाहाच्या दीडपट पाणी देतानाही ठरलेल्या दाबाच्या निदान ६५ टक्के दाब राखला पाहिजे. आग ठरवून ठेवलेल्या हिशेबानं लागत नाही, म्हणून ही सोय. दुसरा नियम असा: साधी मोटर जास्त भार आला की ट्रिप होते, स्वतःला वाचवते. आगीच्या पंपाचं पॅनेल अशा साध्या भारानं ट्रिप होऊ नये असंच बनवायचं. मोटर जळाली तर जळो, पण माणसं बाहेर पडेपर्यंत तिनं चालायचं. म्हणून सोसायटीच्या वायरमननं चांगल्या हेतूनं या पंपाला साधा ओव्हरलोड रिले बसवला, तर तो मूळ उद्देशच मोडतो.

आता फिलाडेल्फिया, २३ फेब्रुवारी १९९१. अडतीस मजल्यांची कचेऱ्यांची इमारत. बाविसाव्या मजल्यावर जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्यांनी पेट घेतला. वीज गेली. आणीबाणीचा जनरेटर चालला नाही. वरच्या मजल्यांवरच्या होजना दाब मिळेना, कारण दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवताना चुकीचे लावले होते. तीन जवान मृत्युमुखी पडले. आग एकोणीस तास जळली आणि तिसाव्या मजल्यावर थांबली. तिथं स्प्रिंकलर होते. दहा स्प्रिंकलर उघडले, त्यांना खालून अग्निशमन दलाच्या गाड्यांनी पाणी दिलं, आणि आठ मजले चढून आलेली आग तिथं अडली. उपकरणं सगळी होती. ती एकमेकांशी जुळतात का, हे पाणी सोडून कुणी पाहिलं नव्हतं.

आणि आता आमची गोष्ट. पुण्यात आम्ही अकरा मजली इमारतीत राहतो. निवृत्तीनंतर सोसायटीचं अध्यक्षपद आमच्याकडे आलं. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात, रात्री दीडच्या सुमारास मीटररूममध्ये शॉर्टसर्किट झालं आणि आग शेजारच्या दुचाकींपर्यंत पोचली. रखवालदारानं मेन स्विच पाडला. बरोबरच केलं. पण आगीच्या विजेच्या पंपाचा फीडही त्याच पॅनेलवरून घेतलेला होता, तो बंद पडला. मग डिझेलचा पंप. त्याचा सिलेक्टर स्विच ‘मॅन्युअल’वर होता, कारण जॉकी पंप, म्हणजे लाइनमधला दाब राखणारा छोटा पंप, गळतीमुळे सारखा सुरू होई आणि तळमजल्यावरच्या लोकांची झोप मोडे. एक तरुण धावत जाऊन बटण दाबून आला. इंजिन फिरलं नाही. बॅटरी मृत होती. वार्षिक देखभालीच्या खर्चातून नव्या बॅटरीची रक्कम कमी केली होती. त्या ठरावावर सही आमची.

अग्निशमन दलाची गाडी वेळेत आली. तिसऱ्या मजल्यावरच्या एका आजींना जवानांनी धुरातून खांद्यावरून खाली आणलं. त्या वाचल्या. सकाळी त्या आम्हाला म्हणाल्या, “सर, तो लाल पाइप मग कशासाठी आहे हो?” आम्ही गप्प राहिलो.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्यानुसार यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं. आमच्याकडे ते होतं. आम्ही आयुष्यभर शिकवलं की प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही वेगवेगळी प्रमाणं आहेत. स्वतःच्या घरात मात्र आम्ही प्रत्यक्षाच्या जागी शब्द ठेवला. कागद पाहिला, पंप पाहिला नाही.

म्हणून आता पाहण्याची रीत सांगतो. भारतीय मानक ब्यूरोचं आगीचे पंप बसवण्या-राखण्याबद्दलचं मानक आहे, आयएस १५३०१. तपशील तिथं आहे. आपण श्रोत्यांनी निदान इतकं पाहावं.

बसवताना: शक्यतो पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीखाली असावा, म्हणजे तो सदा भरलेला राहतो. टोरिचेल्लीनं हेच शिकवलं. सक्शनच्या पाइपात हवा अडकेल असा उंचवटा नसावा. पाइप लहान करायचा झाला तर वरची बाजू सपाट राहील असा जोड घ्यावा. विजेचा फीड इमारतीच्या मेन स्विचच्या आधी, स्वतंत्र घ्यावा. व्हॉल्व्ह उघडे ठेवून साखळीनं कुलूपबंद करावेत. पंप आणि मोटर एका रेषेत आहेत का, हे पाया घट्ट झाल्यावर पुन्हा तपासावं.

चालवताना: सिलेक्टर ‘ऑटो’वरच असावा. जॉकी पंप सारखा सुरू होत असेल तर गळती शोधावी, स्विच फिरवू नये. आठवड्यातून एकदा लाइनचा दाब उतरवून पंप आपोआप सुरू होतो का पाहावं. विजेचा निदान दहा मिनिटं, डिझेलचा अर्धा तास चालवावा. पाणी बाहेर न जाता पंप चालला तर आतलं पाणी तापतं, म्हणून छोट्या रिलीफ व्हॉल्व्हमधून थोडं पाणी वाहतंय ना, ते बघावं. ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडत असेल तर घाबरू नये. ते थेंब शाफ्टला थंड ठेवतात. पूर्ण आवळला तर शाफ्ट घासून खराब होतो. वर्षातून एकदा खरोखर पाणी सोडून प्रवाह आणि दाब मोजावा.

आणि माणसाची काळजी: कपलिंगवरचं झाकण काढण्याआधी वीज तोडून कुलूप लावावं. डिझेलचा धूर पंपघराबाहेर गेलाच पाहिजे. भूमिगत टाकीत कुणालाही एकट्यानं, हवा तपासल्याशिवाय उतरवू नये. तिथं प्राणवायू कमी असतो आणि वाचवायला उतरणाराही जातो.

ॲरिस्टॉटल सामर्थ्य आणि प्रत्यक्ष क्रिया यांत फरक करतो. झोपलेल्या वादकातही वादनाचं सामर्थ्य असतं. पण वर्षानुवर्षं वाद्याला हात न लावणाऱ्यात ते उरलंय का, हे त्यानं वाजवल्याशिवाय कसं कळणार? आगीच्या पंपाचं तसंच आहे. तो नव्याण्णव टक्के आयुष्य नुसता वाट पाहतो, आणि त्या वाट पाहण्याची परीक्षा आपणच आठवड्याला घ्यायची असते. भर्तृहरीनं घर पेटल्यावर विहीर खणणाऱ्याचा दृष्टांत दिला. आमची विहीर खणलेली होती, पाणीही होतं.

आता आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी दहाला पंप चालतो. आवाज होतो. त्या आजी गॅलरीतून खाली बघतात आणि हात करतात. आम्ही वहीत दाबाचा आकडा लिहितो आणि सही करतो. आज घरी गेल्यावर आपणही आपल्या पंपघराची किल्ली कुणाकडे आहे, एवढं विचारावं, ही विनंती.